बिनतारी लहर आणि चिऱ्याची भिंत



इ. स. १९२७ सालीं पुण्याजवळच्या खडकी येथील केंद्रांतून बिनतारी संदेश थेट इंग्लंडला जाऊं लागले, आणि तिकडून येणारे संदेश दौंड येथें घेतले जाऊं लागले. मध्यें डोंगर, वाळवंटें आणि समुद्र. अंतर हजारों मैलांचें. तरी लहरी पोहोंचत. मात्र गेल्या पावसाळ्यांत येथें खेडला, आमच्या स्वतःच्या घरीं, ओटीवरच्या राऊटरची लहर आईच्या खोलींतील टीव्हीपर्यंत, म्हणजे अवघ्या तीस फुटांवर, पोहोंचेना. जी विद्या समुद्र ओलांडते ती दोन भिंतींपुढें कां थांबावी? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करतांना जें समजलें तें आज सांगत आहें. कारण पुष्कळ घरांत टीव्ही वायफायला जोडण्याचें काम वडील माणसें तुम्हां मुलांवरच सोंपवितात, आणि तो जोडला गेला नाहीं तर दोषहि तुमच्याच पदरांत टाकतात.

माझ्या हातूनहि तेंच घडलें. माझी आई वृद्ध आहे. तिला आतां चर्चच्या पायऱ्या चढवत नाहींत. म्हणून रविवारची उपासना ती टीव्हीवर पाहते. एका रविवारीं सकाळीं ती स्वच्छ लुगडें नेसून, गीतांचें पुस्तक मांडीवर घेऊन बसली, आणि टीव्हीच्या पडद्यावर 'नेटवर्क नाहीं' एवढीच अक्षरें आलीं. आदल्या संध्याकाळीं माझा मुलगा त्याच टीव्हीवर क्रिकेटचा सामना पाहत होता. मीं दुसरा विचार न करतां निकाल दिला कीं, यानेंच कांहींतरी बिघडविलें आहे. "बाबा, मीं कशालाहि हात लावला नाहीं," एवढेंच तो म्हणाला व बाहेर जाऊन पडवींत बसला. उपासनेची वेळ टळून गेली. पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. आधीं विषय समजून घेऊं.

पूर्वीचा टीव्ही हा केवळ ऐकणारा होता. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. तेव्हां उंच मनोऱ्यावरून लहरी सुटत व छपरावरची अँटेना त्या झेली. टीव्हीला उलट एक शब्दहि बोलावा लागत नसे. २०२० सालीं शाळा बंद असतां २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पाठमाला दाखविण्यांत आली, ती ज्या घरीं इंटरनेट नव्हतें तेथेंहि पाहतां आली, याचें कारण हेंच. त्याच वर्षीं शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत एक विद्यार्थिनी मोबाईलला संपर्क मिळावा म्हणून डोंगरावरच्या झोपडींत बसून अभ्यास करीत होती. कारण इंटरनेटवर नुसतें ऐकून भागत नाहीं. मागावें लागतें, आणि मागितल्यावरच मिळतें. स्मार्ट टीव्ही हा असा मागणारा टीव्ही आहे. तुम्ही चित्र निवडतां. टीव्ही तें राऊटरजवळ मागतो. राऊटर तें बाहेरून आणवून तुकड्या-तुकड्यांनीं देतो. आणि प्रत्येक तुकडा पोहोंचल्याची पोंच टीव्ही परत पाठवितो. सारांश, राऊटरचा आवाज टीव्हीला ऐकूं आला पाहिजे, तसाच टीव्हीचा आवाजहि राऊटरला ऐकूं गेला पाहिजे.

आतां हा आवाज किती मोठा? खडकीच्या केंद्राचीं यंत्रें प्रचंड शक्तीचीं होतीं. उंच खांबांवर ताणलेल्या तारांतून ती सगळी शक्ति इंग्लंडच्या दिशेनें सोडली जाई, आणि त्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून पृथ्वीकडे परत येत. आपल्या घरांतील राऊटरची बिनतारी शक्ति साधारणतः एका वॅटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि तीहि चहूं दिशांना वांटली जाणारी. ही शक्ति अल्प ठेवण्यांत शहाणपण आहे; नाहीं तर माझ्या राऊटरच्या गोंगाटांत शेजाऱ्याचा राऊटर बुडून जाईल. अशा अल्प शक्तीच्या यंत्रांना निराळा परवाना लागूं नये, असा नियम भारत सरकारनें २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यापुरता २००५ सालीं केला, आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ सालीं मोकळा झाला. म्हणूनच आज आपण दुकानांतून राऊटर आणून कोणालाहि न विचारतां घरांत लावूं शकतों.

हे दोन पट्टे म्हणजे काय, तें गणितानें पाहूं. बिनतारी लहर प्रकाशाच्याच वेगानें, म्हणजे सेकंदाला सुमारें ३० कोटी मीटर जाते. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपनें. तीस कोटींस दोनशें चाळीस कोटींनीं भागिलें असतां लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर येते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील लहर याच रीतीनें पांच-सहा सेंटीमीटरांची निघते. दुसरी लहर वेगानें पुष्कळ माहिती वाहून नेते, पण भिंतींतून जातांना लवकर थकते. पहिली सावकाश चालते, पण दूरवर पोहोंचते. लहरी भिंतींतून जातात ही गोष्ट मात्र नवी नव्हे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास अशाच आंखूड लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती.

तथापि भिंत आणि भिंत यांत फरक आहे. लांकडाच्या फळींतून लहर सहज जाते. विटेच्या भिंतींत थोडी कमी होते. लोखंडी सळ्यांच्या काँक्रिटमध्यें पुष्कळच कमी होते. पत्र्यावरून, आरशावरून व लोखंडी कपाटावरून ती उलटून परत फिरते. आपल्या कोंकणांतील जुनीं घरें जांभ्याच्या चिऱ्यांचीं. चिरा जाड आणि सच्छिद्र असतो. पावसाळ्यांत तो पाणी पिऊन बसतो, आणि पाणी तर या लहरींना शोषून घेतें. म्हणून वैशाखांत ज्या खोलींत वायफाय पोहोंचतें तेथें आषाढांत तें अडखळूं लागलें, तर त्यांत नवल नाहीं. टीव्हीची स्वतःची लहानशी अँटेना पडद्यामागें असते. मागें भिंत आणि पुढें पडद्याचा पत्रा, अशा कोंडींतून तिला बोलावें लागतें. म्हणून त्याच खोलींत हातांतील मोबाईलला मिळालेला संपर्क टीव्हीला मिळेलच असें नाहीं.

आतां प्रत्यक्ष जोडणीची रीत. रिमोटवरील घराचें चित्र असलेलें बटण दाबून 'सेटिंग्ज' उघडावें. तेथें 'नेटवर्क' व त्यांत 'वायफाय' निवडावें. टीव्हीच्या बनावटीप्रमाणें हे शब्द थोडे बदलतात, पण क्रम हाच असतो. मग आसपासच्या नेटवर्कांच्या नांवांची यादी येते. तींतून आपल्या घराचें नांव निवडावें. तें ठाऊक नसेल तर राऊटरच्या तळाशीं चिकटविलेला कागद पाहावा. पूर्वी कोणी बदललें नसेल तर नांव व पासवर्ड दोन्ही तेथें छापलेलीं असतात. पासवर्ड लिहितांना घाई करूं नये. इंग्रजी मोठें अक्षर व लहान अक्षर हीं यंत्राला निराळीं आहेत. शून्य आणि 'ओ', एक आणि लहान 'एल' यांची गल्लत तर नेहमींचीच. पडद्यावर डोळ्याचें चिन्ह असल्यास तें दाबावें, म्हणजे लिहिलेली अक्षरें दिसतात. अक्षरें ताडून पाहून मगच 'कनेक्ट' दाबावें.

एवढें करूनहि काम झालें नाहीं, तर टीव्ही नेमकें काय म्हणतो तें वाचावें. त्याच्या तक्रारी मुख्यतः चार प्रकारच्या असतात, आणि प्रत्येकीचें कारण निराळें असतें.

पहिली : यादींत आपलें नांवच दिसत नाहीं. याचा अर्थ राऊटर बंद आहे, किंवा त्याची लहर टीव्हीपर्यंत पोहोंचत नाहीं. कित्येक टीव्हींना ५ गिगाहर्ट्झची लहर ऐकूंच येत नाहीं. त्यांच्यासाठीं राऊटरचा २.४ चा पट्टा चालू असला पाहिजे.

दुसरी : नांव दिसतें, पण पासवर्ड चुकला असें टीव्ही म्हणतो. अशा वेळीं टीव्हीच्या आठवणींतील जुनी जोडणी 'विसर' अशी आज्ञा देऊन काढून टाकावी आणि पासवर्ड नव्यानें लिहावा.

तिसरी : वायफाय जोडलें गेलें, पण इंटरनेट नाहीं. येथें टीव्ही निर्दोष आहे. घरांत इंटरनेट बहुधा केसासारख्या बारीक कांचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपानें येतें. वाऱ्यापावसांत खांबावरची ती तार तुटली, तर राऊटर लहर सोडीतच राहतो, पण त्याच्याजवळ देण्यासारखें कांहीं नसतें. राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटानें पुन्हां चालू करावा व दोन-तीन मिनिटें थांबावें. तरीहि त्याच्या डबीवरील तांबडा दिवा जात नसेल, तर कंपनीला कळविणेंच प्राप्त आहे. मोबाईलवर इंटरनेट चालतें व टीव्हीवर चालत नाहीं, असें असेल तर टीव्हीचें घड्याळ पाहावें. त्याची तारीख चुकलेली असल्यास टीव्ही दूरच्या यंत्रांची ओळख मान्य करीत नाहीं.

चौथी : चित्र लागतें, पण मध्येंच थांबून चक्र फिरूं लागतें. याचा अर्थ लहर पोहोंचते, पण क्षीण. स्वच्छ चित्राला सेकंदाला सुमारें ५ मेगाबिट वेग लागतो. राऊटर जमिनीवरून उचलून उंच, मोकळ्या जागीं, घराच्या मध्यभागीं ठेवावा. फ्रिजच्या मागें, कपाटांत किंवा मायक्रोवेव्ह भट्टीच्या शेजारीं ठेवूं नये; त्या भट्टीच्या लहरी २.४ च्याच पट्ट्यांत येतात. भिंत फारच जाड असेल तर राऊटरपासून टीव्हीपर्यंत साधी नेटवर्क केबल ओढावी. ती १०० मीटरपर्यंत चालते आणि तिला पावसाची क्षिति नाहीं.

पालकांनीं आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवितां येतो, पण स्वच्छ चित्राचा एक तास दोन-तीन जीबी खाऊन टाकतो. दिवसाचा दीड-दोन जीबीचा शिधा एका चित्रपटालाहि पुरत नाहीं. दुसरें असें कीं, पासवर्ड ही घराची किल्ली आहे. राऊटरवर छापून आलेला पासवर्ड बदलावा. पाहुण्यांसाठीं राऊटरमध्यें निराळें नेटवर्क करतां येतें, तें करावें. आणि ज्या दारानें उपासना व धडे आंत येतात त्याच दारानें अनिष्ट चित्रेंहि येऊं शकतात. म्हणून टीव्हीवर मुलांसाठीं मर्यादा घालण्याची जी सोय असते ती वापरावी, व घरांतील सर्वांना सांगून वापरावी. लपून ठेवलेल्या पहाऱ्यापेक्षां सांगून घातलेला नियम मुलें अधिक पाळतात, असा माझा अनुभव आहे.

आतां आमच्या घरची हकीकत पुरी करतों. त्या दिवशीं दुपारीं मीं टीव्हीसमोर मोबाईल धरला, त्याचा स्वतःचा डेटा बंद केला आणि फक्त वायफाय चालू ठेवलें. त्यालाहि नेटवर्क दिसेना. एकेक पाऊल ओटीकडे चालत गेलों. पहिल्या भिंतीपलीकडे नांव दिसूं लागलें; दुसऱ्या भिंतीपलीकडे पूर्ण जोर आला. म्हणजे टीव्ही ठीक, पासवर्ड ठीक, राऊटरहि ठीक. चुकली होती ती जागा. आणि मग आठवलें. रात्रीं मोठी सर आली असतां माजघरांत कौलांतून पाणी ठिबकूं लागलें, तेव्हां राऊटर भिजूं नये म्हणून फळीवरून काढून ओटीच्या कोपऱ्यांत मीच नेऊन ठेवला होता. त्याच्या व टीव्हीच्या मध्यें भिजलेल्या चिऱ्याच्या दोन भिंती मीच उभ्या केल्या होत्या.

मीं राऊटर जागेवर ठेवला. टीव्ही लागला. मी आईला म्हणालों, "उपासना झाली असेल, पण तिचें चित्रण पुन्हां पाहतां येईल." आई म्हणाली, "तें नंतर. आधीं पोराला आंत बोलाव." मुलगा आला. त्याच्या आजीच्या समक्ष मीं त्याची क्षमा मागितली. तो लाजला, आणि म्हणाला, "बाबा, मला विचारलें असतेंत तर राऊटर हलला आहे हें मीं सकाळींच सांगितलें असतें."

मित्रहो, तुमच्या घरीं टीव्ही लागेनासा झाला, तर वर सांगितलेल्या क्रमानें शोध घ्या. आणि पालकांना विनंति अशी कीं, निकाल देण्यापूर्वी मोबाईल हातांत घेऊन एक फेरी ओटीपर्यंत मारावी. फार लांब नाहीं. तीसच फूट आहे.