जुन्या धुराड्यांची निगा : सांध्याचा पीळ

वाकड्या धूरनळांविषयीच्या गेल्या लेखांकानंतर एका वाचकाने विचारले आहे, की ब्रशाची काठी एकाच दिशेने का फिरवावी. या प्रश्नावर जुन्या नळांची सारी साफसफाई अवलंबून असल्यामुळे भिंतीतील काजळीच्या झडपांचा ठरलेला विषय पुढे ढकलणे उचित ठरते.

ब्रिटनमधील जुन्या घरांत धूर वाहून नेणारा नळ भिंतीच्या आतून, वरच्या मजल्यांवरील शेगड्यांना वळसे घालत चढतो. लहान मुलांना नळात चढवण्याची क्रूर प्रथा थांबावी म्हणून १८०३ मध्ये जॉर्ज स्मार्ट यांनी पोकळ नळ्यांमधून दोरी ओवून त्या ताणून धरणारे यंत्र केले. सरळ नळात ते उपयोगी पडे, परंतु तीव्र वळणावर त्याचा ताठरपणा आड येई. १८२८ मध्ये ब्रिस्टलच्या जोसेफ ग्लास यांनी लवचीक वेताच्या काठ्यांची रचना पुढे आणली आणि पुढे रूढ झालेल्या साधनांचा पाया तोच ठरला. वेत वळणाबरोबर वाकतो. मात्र काठ्या एकमेकींना पितळी टोपणांतील आट्यांनी जोडल्या गेल्या, की वळणाचा ताण त्या सांध्यांवरही येतो.

हे आटे उजवे असतात, म्हणजे खालून वर पाहणाऱ्याने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यास सांधा आवळतो आणि उलट फिरवल्यास सुटतो. म्हणून ब्रश वर ढकलताना, खाली ओढताना आणि अडकलेला सोडवतानाही पीळ उजवाच द्यावा लागतो. अडकलेला ब्रश डावा पीळ देऊन मोकळा करण्याचा मोह घातक आहे, कारण वरचे टोक धरलेले असताना हातातला पीळ वाटेतील सर्वांत सैल सांध्यावर उतरतो आणि ब्रश नळातच राहतो. काठ्या उतरवतानाही वरची काठी एका हाताने घट्ट धरूनच खालची सोडावी, नाहीतर तोच डावा पीळ वर पोहोचतो.

सांध्याची निगा याच कारणाने महत्त्वाची आहे. ओलसर काजळी आम्लधर्मी असते आणि धातू खाते; म्हणून काम संपताच आटे कोरड्या ब्रशाने झाडून त्यांना तेलाचा हलका हात द्यावा, आणि जोडलेला सांधा हातात डुगडुगत असेल तर ती काठी बाद करावी. वेताला बाक देऊन टोपणाजवळ चीर उघडते का ते पाहावे, कारण वेत तिथेच तुटतो. काठ्या भिंतीला टेकून न ठेवता आडव्या ठेवाव्यात, म्हणजे त्या कायमच्या वाकत नाहीत. ब्रशालगतची काठी सर्व वळणांतून जाते आणि सर्वाधिक झिजते, म्हणून काठ्यांचा क्रम दर कामाला बदलावा. झीज साऱ्या संचात वाटली जाते आणि एकच सांधा आधी दगा देत नाही.

ब्रश निखळलाच, तर तो दुहेरी पिळाच्या स्क्रूने पकडून ओढता येतो, आणि त्याही वेळी पीळ उजवाच लागतो. झडपांचे विवेचन पुढील लेखांकात येईल.