भिंतीवरच्या चित्राचा रेट: सांगा स्क्वेअर फुटात, पण मोजा दिवसांत



"सर, चित्र काढायचा स्क्वेअर फुटाला किती रेट लावू?" हा प्रश्न भोर आणि वेल्ह्याकडच्या पोरांकडून फार येतो. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तोंडात अजून वेल्हेच बसलंय.) तिकडे काम आहेच. तोरणा-राजगडावर येणारे ट्रेकर, पानशेत आणि भाटघरच्या पाण्याकाठची फार्महाऊस, होमस्टे. प्रत्येक मालकाला एक अशी भिंत हवी असते, जिच्यासमोर पाहुणे फोटो काढतील. कुणाला किल्ला हवा, कुणाला वारली, कुणाला दारात बैलजोडी.

काम मिळतं, पण पैसे उरत नाहीत. का ते बघू.

समजा भिंत १० बाय ८, म्हणजे ८० स्क्वेअर फूट. शेजारच्या पेंटरनं शंभर रुपये सांगितले म्हणून तुम्हीही शंभर सांगितले. ८,००० रुपये. ऐकायला बरं वाटतं. आता दिवस मोजा. जागा बघायला अर्धा दिवस. स्केचला एक दिवस. मालकाच्या मिसेसना किल्ल्यावर सूर्य हवा म्हणून स्केच बदलायला अर्धा. भिंत घासून प्रायमर मारायला अर्धा. प्रत्यक्ष रंगवायला तीन. शेवटी टचअपला परत जायचं, तो अर्धा. झाले सहा दिवस. रंग, ब्रश आणि पेट्रोल मिळून २,६०० धरा. हातात राहिले ५,४००, म्हणजे दिवसाला ९००. आता तुमच्या गावात गवंड्याची हजेरी किती आहे ते विचारा आणि हा आकडा शेजारी ठेवा.

गडबड इथे आहे: स्क्वेअर फूट फक्त भिंत मोजतो. जाणं-येणं, स्केच, बदल, वाळायची वाट बघणं यातलं काहीच तो मोजत नाही. एकरंगी भिंत मारणाऱ्या पेंटरला तो रेट परवडतो, कारण त्याचं काम खरंच फुटावर चालतं. तुमचं नाही चालत.

मग आधी स्वतःचा दिवसाचा रेट काढा. समजा घराला महिन्याला २०,००० लागतात, वर्षाचे २,४०,०००. गाडी, फोन, ब्रश, शिडी यांचे वर्षाचे ६०,००० धरा. झाले तीन लाख. याला ३६५ नं भागायचं नाही! आपल्या मावळात जून ते सप्टेंबर बाहेरची भिंत वाळतच नाही. उरले आठ महिने, साधारण २४० दिवस. त्यातले निम्मे तरी बोलणी, चकरा आणि वाट बघण्यात जातात, ज्याचे कुणी पैसे देत नाही. म्हणून १२० दिवस धरा. तीन लाख भागिले १२०, म्हणजे दिवसाला २,५००. पावसाळ्यात आतल्या भिंतींची कामं धरलीत तर दिवस वाढतील, रेट थोडा खाली येईल. आकडे तुमचे घाला, रीत हीच ठेवा.

आता तीच भिंत. सहा दिवसांचे १५,०००, सामान-पेट्रोल २,६००, वर दहा टक्के अडीअडचणीला. साधारण १९,४००. फुटाला अडीचशेच्या आसपास.

"एवढे?" मालक म्हणणारच. तेव्हा बहुतेक जण तिथल्या तिथे रेट पाडतात. तसं करू नका. रेट तोच ठेवा, काम कमी करा. "दादा, गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांचं चित्र करू, डिझाइन माझ्या वहीतलं घेऊ, तीन दिवसांत होईल." सामान १,५०० धरलं तर हे साधारण ९,९०० ला बसतं. मालकाचं बजेटही सांभाळलं, तुमचा दिवसही. शाळेच्या बोलक्या भिंतींचं गणित मात्र वेगळं. तिथे इस्टिमेट बहुतेक फुटावरच येतं. ते काम स्टेन्सिल वापरून पटापट उरकता येत असेल तरच घ्या.

हेल्मेट, बुलेटची टाकी, कोकणातल्या कुणाचा सर्फबोर्ड अशी दुसऱ्याची महागडी वस्तू रंगवायला आली, तर दिवसांच्या पैशांवर जोखमीचे पैसेही धरा. चुकीच्या रंगातलं थिनर हेल्मेटचं कवच कमजोर करतं. सर्फबोर्डवर रंग धरायला आधी पृष्ठभाग हलका घासावा लागतो, वर पारदर्शक कोट लागतो. हे येत नसेल तर ऑर्डर सोडा. वस्तू बिघडली तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल.

भिंतीची जोखीम म्हणजे ओल. ओल असलेल्या भिंतीवर रंग फुगतो, सोलतो, आणि नाव तुमचं खराब होतं. आधी हात लावून बघा, पोपडे शोधा. कोटेशनमध्ये लिहा: "भिंतीला ओल आल्यास दुरुस्ती वेगळी." हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं असलं तरी चालेल, पण लिहिलेलं हवं. त्यातच लिहा: स्केचमध्ये दोन बदल मोफत, पुढच्या प्रत्येक बदलाचे पैसे; निम्मे पैसे विसार म्हणून आधी, बाकीचे काम संपल्या दिवशी. विसार आल्याशिवाय रंग विकत घ्यायचा नाही.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी जणांना माहीत असते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, चित्र काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे होमस्टेवाल्यानं तुमचा तोरणा टी-शर्टवर छापून विकला, तर तुम्ही वेगळे पैसे मागू शकत नाही. चित्र तुमचं आहे हे सांगायचा हक्क मात्र कायद्यानं तुमच्याकडेच राहतो. म्हणून कोटेशनच्या शेवटी एक ओळ टाका आणि मालकाकडून "ओके" घ्या: "चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. चित्र फक्त या भिंतीपुरतं, छपाईसाठी वेगळा दर. कोपऱ्यात चित्रकाराचं नाव व फोन नंबर राहील."