जनुकनियमन आणि संगणकीय पाठशोध

पेशीत जनुक असणे आणि ते कार्यान्वित होणे या दोन भिन्न गोष्टी होत. १९६१ मध्ये फ्रान्स्वा जाकोब व जाक मोनो यांनी जीवाणूंच्या अभ्यासावरून जनुकनियमनाची उपपत्ती मांडली, तेव्हापासून हा भेद स्पष्ट झाला. या नियमनात ‘ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर’ अर्थात अनुलेखन-घटक या प्रथिनांचे कार्य मोलाचे आहे. डीएनएवरील विशिष्ट अक्षरक्रम ओळखून ती तेथे बसतात आणि जनुकाचे अनुलेखन वाढवितात अथवा रोखतात. कोणत्या प्रथिनाच्या नियंत्रणाखाली कोणती जनुके आहेत, हे ठरविणे हा येथील मूळ प्रश्न होय.

मानवी डीएनएची संहिता चारच अक्षरांची, सुमारे ३०० कोटी अक्षरे लांबीची आणि पदच्छेदरहित आहे. शिवाय प्रथिनाला एकच अक्षरक्रम मान्य असतो असे नाही. त्याला काही पाठभेद चालतात. म्हणून ज्ञात बंधनस्थळे एकाखाली एक मांडून प्रत्येक स्थानी कोणते अक्षर किती वेळा येते याचे कोष्टक करतात. त्याआधारे संगणक संहितेतील प्रत्येक स्थळाला गुण देतो.

परंतु सहा अक्षरांचा एखादा क्रम केवळ योगायोगानेही सरासरी ४,०९६ अक्षरांत एकदा, म्हणजे या संहितेत सात लाखांहून अधिक वेळा आढळू शकतो. अशी बहुतेक स्थळे निष्क्रिय असतात. वासरमन व सांडेलिन यांनी २००४ मध्ये या अवस्थेला ‘निष्फळतेचा सिद्धान्त’ असेच नाव दिले.

म्हणून अन्य साक्षी पाहाव्या लागतात. पहिली साक्ष तौलनिक होय : मानव आणि उंदीर यांच्या संहितांत जो भाग अविकृत राहिला, तो महत्त्वाचा असण्याचा संभव अधिक. भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तीत भिन्न पाठपरंपरांच्या एकवाक्यतेला दिलेले महत्त्व येथे आठवते. मात्र तेथे एकवाक्यता पाठाचे प्राचीनत्व सुचविते, येथे त्याची उपयुक्तता. दुसरी साक्ष प्रथिन पेशीत प्रत्यक्ष कोठे बसले आहे याची. २००७ पासून ती संपूर्ण संहितेवर अनुक्रमवाचनाने मिळू लागली. तिसरी, प्रथिन काढून घेतल्यावर कोणत्या जनुकांचे अनुलेखन बदलते याची.

सुमारे निम्म्या मानवी कर्करोगांत पी-५३ या अनुलेखन-घटकाचे जनुक बिघडलेले असते. पेशीविभाजन रोखणारे पी-२१ हे जनुक त्याच्याच नियंत्रणाखाली आहे. अशा जनुकांची यादी चुकली, तर रोगाच्या कारणांचा शोधही चुकीच्या दिशेने जातो. म्हणूनच केवळ अक्षरसाम्यावरून नियंत्रणाचा निर्णय देता येत नाही.