थांब्यावरची मिनिटे

मुंबईच्या बसथांब्यावर सकाळी साडेआठ वाजता उभ्या असलेल्या माणसाची तक्रार सहसा तीन वाक्यांची असते. बस वेळेवर येत नाही. आली की एकामागोमाग तीन येतात. आणि त्यांतल्या पहिलीत पाय ठेवावयास जागा नसते. हीच तक्रार अधिकाऱ्यापुढे गेली म्हणजे तो नोंदवही उघडून दाखवू शकतो की, त्या मार्गावर तासाला सहा गाड्या सुटल्या, सहाही फेऱ्या पुऱ्या झाल्या, आणि त्यांपैकी निम्म्या तर जवळजवळ रिकाम्या धावल्या. प्रवाशास वाटते की अधिकारी खोटे बोलतो. अधिकाऱ्यास वाटते की प्रवासी तिखटमीठ लावतो. वस्तुतः दोघेही खरे बोलत असतात. हे कसे, ते थोड्या अंकगणिताने उलगडते.

एखाद्या मार्गावर दर दहा मिनिटांनी बस येते असे समजू या. वेळापत्रक न पाहता थांब्यावर येणाऱ्या प्रवाशास मग सरासरी पाच मिनिटे थांबावे लागेल. आता तासाला गाड्या सहाच ठेवल्या, पण त्या दोन मिनिटे, अठरा मिनिटे, पुन्हा दोन, पुन्हा अठरा अशा अंतराने आल्या, तर काय होईल? नोंदवहीत काहीच फरक पडणार नाही. परंतु थांब्यावर मिनिटास तीन माणसे येत असतील, तर वीस मिनिटांत येणाऱ्या साठांपैकी चौपन्न माणसे त्या अठरा मिनिटांच्या खंडात येतील आणि दोन मिनिटांच्या खंडात अवघी सहा. सरासरी प्रतीक्षा पाचावरून आठ मिनिटांच्या वर जाते. पहिल्या गाडीत चौपन्न जण चढतात, दुसरीत सहा. कार्यालयाच्या हिशेबाने दर गाडीमागे तीस प्रवासी झाले, म्हणजे गर्दी मुळीच नाही. परंतु साठ प्रवाशांना एकेक करून विचारले की, ‘तुमच्याबरोबर गाडीत किती जण चढले?’, तर चौपन्न जण ‘चौपन्न’ असेच उत्तर देतील. आणि त्या उत्तरांची सरासरी एकोणपन्नासाच्या पुढे जाईल. कार्यालय गाड्या मोजते, प्रवासी माणसे मोजतो. तीन गाड्या अर्ध्या तासाने एकदम आल्या, तर गाड्या तासाला सहाच राहूनही प्रतीक्षा पंधरा मिनिटांची होते.

गाड्यांचा असा पुंजका का होतो, यात चालकाचा आळस किंवा खोडसाळपणा शोधण्याचे कारण नाही. समान अंतराने सुटलेल्या दोन गाड्यांपैकी पुढची एखाद्या सिग्नलपाशी दोन मिनिटे अडकली, की पुढल्या थांब्यावर तिच्यासाठी नेहमीपेक्षा अधिक माणसे जमलेली असतात. ती चढण्यास, सुटे पैसे देण्याघेण्यास अधिक वेळ लागतो. तिचा उशीर वाढतो. त्यापुढच्या थांब्यावर रांग आणखी लांबते. मागच्या गाडीस मात्र थोडीच माणसे मिळतात, म्हणून ती वेगाने पुढे सरकते आणि अखेरीस पहिलीस गाठते. १९६४ साली नेवेल आणि पॉट्स या दोघा अभ्यासकांनी ही प्रक्रिया गणिताने मांडून दाखविली. बसमार्गाचा हा स्वभावच आहे. त्यास मोकळे सोडले तर तो बिघडतो. समान अंतर राखावयाचे असेल तर कोणास तरी ते सतत राखत राहावे लागते.

येथे देखभालीचा प्रश्न येतो. सहा गाड्यांपैकी एक गाडी आगारातून निघालीच नाही, तर सेवा एक षष्ठांशाने घटली असे कागदावर दिसते. पण थांब्यावर एक खंड वीस मिनिटांचा होतो, आणि सरासरी प्रतीक्षा पाचावरून सहा मिनिटे चाळीस सेकंदांवर, म्हणजे एक तृतीयांशाने वाढते. गाडी आगारात न बिघडता रस्त्यात बिघडली तर त्याहून वाईट. तिच्यातील सारी माणसे मागच्या गाडीत चढतात आणि वर सांगितलेले रहाटगाडगे तेथूनच सुरू होते. ब्रेकचे अस्तर, क्लच, दारांची यंत्रणा, टायर या गोष्टी मोडण्यापूर्वी बदलावयाच्या असतात. त्या एक वर्ष न बदलल्या तर बचत त्याच वर्षीच्या जमाखर्चात दिसते. तोटा पुढच्या दोनचार वर्षांत, आणि तोही दुसऱ्याच्या खात्यावर, म्हणजे प्रवाशाच्या वेळेतून वसूल होतो. त्यामुळे काटकसर करावयाची वेळ आली की पहिली कात्री बहुधा देखभालीवर चालते.

मुंबईला हा धडा नवा असावयास नको होता. या शहरात १८७४ साली घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या, १९०७ साली विजेच्या आल्या, १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस निघाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा कारभार महानगरपालिकेच्या हाती आला. ‘बेस्ट’ उपक्रमाच्या वीजविभागाचे उत्पन्न दीर्घकाळ वाहतुकीची तूट भरून काढीत असे. विजेच्या दरांवर नियामक व्यवस्था आल्यानंतर हा मार्ग आक्रसत गेला, आणि वाहतुकीला स्वतःच्या पायांवर उभे राहा असे सांगण्यात आले. जगातील फार थोड्या शहरांची बससेवा केवळ तिकिटांच्या पैशावर चालते, ही गोष्ट त्या वेळी कोणी फारशी मनावर घेतली नाही. २०१० च्या सुमारास उपक्रमाजवळ चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. वय झालेल्या गाड्या भंगारात जात राहिल्या, त्यांच्या जागी तितक्या नव्या आल्या नाहीत. २०२५ पर्यंत स्वतःच्या मालकीच्या गाड्या हजाराच्याही खाली आल्या. डिझेलवरील शेवटची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली, तेव्हा तिला निरोप देण्यास पुष्कळ लोक जमले होते. साध्या एकमजली गाड्या हजारोंनी गेल्या, त्यांना कोणी हार घातले नाहीत.

उणीव भरून काढण्यासाठी भाड्याच्या गाड्या आल्या. गाडी, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची. मोबदला धावलेल्या किलोमीटरवर. तिकिटाचे पैसे उपक्रमाचे. भांडवल नसलेल्या संस्थेस ही सोय आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तोटा होऊ लागला की कंत्राटदार निघून जाऊ शकतो, आणि काही कंत्राटदार तसे मधेच निघूनही गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये या गाड्यांच्या चालकांनी वेतनासाठी काम थांबविले, तेव्हा अनेक मार्ग ओस पडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंधेरीत एका सीएनजी बसला आग लागल्यावर त्याच जातीच्या सुमारे ४०० गाड्या एकदम बाजूला काढाव्या लागल्या. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात विजेवर चालणारी भाड्याची बस गर्दीत घुसली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर चालकांच्या प्रशिक्षणाची चौकशी सुरू झाली. किलोमीटर मोजून पैसे देणाऱ्या व्यवस्थेत किलोमीटर मिळतात. पाठोपाठ धावणाऱ्या तीन गाड्यांचे किलोमीटरही तितकेच भरतात.

लंडनमध्येही बसगाड्या खासगी कंपन्याच चालवितात. फरक मोजमापाचा आहे. तासाला पाच किंवा अधिक गाड्या असलेल्या मार्गांवर तेथे वेळापत्रकाप्रमाणे जितके थांबावे लागले असते त्याहून किती अधिक मिनिटे प्रवाशास प्रत्यक्षात थांबावे लागले, हे पाहिले जाते. त्या अधिक मिनिटांवर कंपनीचे बक्षीस अथवा कपात ठरण्याची पद्धत २००१ पासून करारांत आली. तेवढ्याने लंडनच्या रस्त्यांवरील कोंडी नाहीशी झालेली नाही. पण प्रवाशाच्या मिनिटांना हिशेबात जागा तरी मिळाली.

मुंबईत या मिनिटांची किंमत सर्वांस सारखी नाही. कुर्ला स्थानकाबाहेर वांद्रे-कुर्ला संकुलाकडे जाणाऱ्या ३१० क्रमांकाच्या बसच्या रांगेत बँकेतला कारकून असतो आणि तेथील मजले पुसणारी बाईही असते. पंधरा मिनिटे झाली की कारकून रिक्षा करतो. बाई उभी राहते, आणि उशिराबद्दल मुकादमाचे बोलणे ऐकून घेते. माहीम-शीवच्या दक्षिणेस तर रिक्षाही नाही. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठांवरून पाच रुपयांवर आणले गेले, तेव्हा गेलेले प्रवासी परत यावेत हा हेतू होता. ९ मे २०२५ पासून तेच भाडे दहा रुपये झाले. भाडे दुप्पट झाले तरी अठरा मिनिटांचा खंड अठराच राहिला, तर ज्यांना दुसरा उपाय आहे ते पुन्हा रांग सोडतील. मग उत्पन्न घटेल, आणखी काही फेऱ्या रद्द होतील, आणि ज्यांना उपाय नाही त्यांचीच रांग उरेल.

गाड्या अपुऱ्या असल्या तरी अंतर राखण्याचे काम मात्र आजही करता येण्याजोगे आहे. गाडी कोठे आहे हे दाखविणारी यंत्रे आता बसवर आहेत. पूर्वी बसस्थानकाच्या चौकीतला स्टार्टर हातातल्या घड्याळावर जे अंदाजाने करीत असे ते आता पडद्यावर पाहून करता येते. पुढच्या गाडीला फार चिकटून आलेली बस एखाद्या स्थानकावर तीन मिनिटे रोखून धरावयाची, एवढेच ते काम. मात्र रोखलेल्या गाडीत बसलेले प्रवासी खिडकीच्या गजावर हात आपटून ‘सोड की गाडी!’ म्हणून ओरडतात. आणि त्या तीन मिनिटांमुळे ज्यांचा पुढला खंड आखूड होणार असतो, ती माणसे पुढच्या थांब्यांवर अजून पोचलेलीही नसतात. स्टार्टरला ऐकू येतात ते खिडकीतले आवाज. गाडी सोडली नाही म्हणून त्याला जाब विचारणारे पुष्कळ असतात. गाडी रोखली म्हणून त्याची पाठ थोपटणारा कोणी नसतो. तो घंटा देतो, आणि दोन गाड्या पाठोपाठ निघतात.