बाळाच्या अंगावरचा डाग : ग्रहणाचा दोष नव्हे, पण लक्ष हवंच

कडोली : बारशाला जमलेल्या बायका बाळाला पाळण्यातून उचलतात. कमरेवर निळसर डाग दिसला की प्रश्न ठरलेला, "ग्रहणात काही चिरलीस काय गं?" बिचारी बाळंतीण गप्प बसते आणि दोष मात्र तिच्याच माथी येतो.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण भारतभर दिसलं. ग्रहणाने डाग पडत असते तर त्यावेळी पोटात असलेली सगळी बाळं डाग घेऊनच जन्मली असती. खरं कारण वेगळं आहे. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत त्वचेला रंग देणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याजवळून निघून अंगभर पसरतात. त्यातल्या काही वाटेत खोल थरात अडकतात, काही एकाच जागी गोळा होतात. तिथे जन्मखूण दिसते. आपल्याकडे तिलाच 'लासं' म्हणतात. आईने काय खाल्लं, काय चिरलं याच्याशी तिचा संबंध नाही.

कुठला डाग कसला?

कमरेवरचा किंवा ढुंगणावरचा निळा-राखाडी डाग आपल्याकडच्या बाळांत अगदी नेहमीचा. रंग खोलवर असल्यामुळे वरून निळा दिसतो. तो मार लागल्यासारखा वाटतो, पण दुखत नाही. बहुतेकांचा डाग शाळेत जाण्याच्या वयापर्यंत फिका होतो. औषध लागत नाही.

दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे सपाट डाग एक-दोन असले तर काळजी नको. पण वयात येण्याआधी ५ मिलिमीटरपेक्षा मोठे असे ६ किंवा जास्त डाग असतील तर डॉक्टरांना दाखवाच. न्यूरोफायब्रोमॅटोसिस या मज्जातंतूंशी संबंधित आनुवंशिक आजाराची ती खूण असू शकते.

काळा-तपकिरी, कधी केसाळ डाग साधारण १०० बाळांत एकाला असतो. छोट्या डागात कर्करोगाचा धोका फारच कमी, १ टक्क्याच्या आत. पाठभर किंवा डोकंभर पसरलेला डाग मात्र वेगळा. त्यात धोका वाढतो, म्हणून तो पहिल्या महिन्यांतच तज्ज्ञांना दाखवून पुढे नियमित तपासावा लागतो.

डोळ्याभोवती निळसर छटा असेल तर तो 'ओटा' डाग असू शकतो. जपानी डॉक्टर ओटा यांच्यावरून हे नाव पडलं. यात डोळ्याचा दाब वाढण्याची शक्यता असते, म्हणून त्वचेबरोबर डोळ्यांचीही तपासणी हवी.

पाठीच्या कण्यावर बरोबर मधोमध केसांचा झुपका, खळगा किंवा गाठ असेल तर वाट बघू नका. आत मज्जारज्जूचा दोष असू शकतो.

उपचार कोणते?

ओटा डागावर लेसर चांगला चालतो, पण काही महिन्यांच्या अंतराने अनेक वेळा घ्यावा लागतो. कॉफी रंगाचे डाग लेसरनंतर पुन्हा उमटू शकतात. काळी जन्मखूण काढायची तर शस्त्रक्रिया. डाग मोठा असेल तर ती टप्प्याटप्प्याने होते. काढलेला तुकडा तपासणीला पाठवायलाच हवा.

बिब्बा, चुना, ॲसिड लावणं किंवा डागणं हे उपचार नव्हेत. त्याने कातडी भाजते आणि व्रण जन्मभर राहतो. दुकानातून विचारून आणलेलं गोरेपणाचं मलमही नको. त्यात स्टिरॉइड असलं तर कातडी पातळ होते.

लक्ष कसं ठेवायचं?

दर सहा महिन्यांनी डागाशेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढा. डाग अंगाच्या मानाने झपाट्याने वाढला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग बदलला, गाठ आली, खाज, जखम किंवा रक्त आलं तर लगेच दाखवा. तळपायावर किंवा नखाखाली मोठेपणी नवीन काळा डाग उठला तरी दुर्लक्ष नको.

कडोलीकरांना बेळगावचं बिम्स जवळ, निपाणीकरांना कोल्हापूरचं सीपीआरही सोयीचं. अंगणवाडीत, सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ पासूनची ही योजना सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे आणि त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यावेळीही डाग दाखवता येतो.

बहुतेक जन्मखुणांना डॉक्टर "काही करू नका" असंच सांगतात. पण ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं. आणि पुढच्या बारशाला कुणी ग्रहणाचं विचारलंच, तर बाळंतिणीच्या वतीने उत्तर आपण द्यावं.