वाटी दुखते, पण ढिला आहे खुबा!

सिंहगड चढताना मला त्रास नाही, उतरताना मात्र गुडघ्याची वाटी ठणकते. मल्टिप्लेक्समध्ये तीन तास बसून उठलं, तरी तेच. एक्सरे क्लीन! ‘ट्रेक बंद कर’ हा सल्ला सगळ्यांचाच. फिजिओनं मात्र आरशासमोर एका पायावर हळूहळू बसायला सांगितलं. गुडघा सरळ पुढे यायचं सोडून आत कलला!

भानगड अशी : वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वर-खाली सरकते. खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असतील, तर मांडी आत वळू शकते, खाच वाटीखालून सरकते आणि वाटीच्या बाहेरच्या कडेवर ताण येतो. तोही प्रत्येक पायरीला! सगळ्यांचंच कारण हे नसतं म्हणा. पण 2018 साली जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्रितपणे केलेल्या शिफारशींतही गुडघ्याच्या जोडीनं खुब्याचा व्यायाम आहे.

म्हणून सध्या माझं होमवर्क : कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, आणि आरशात बघत पायरी उतरणं, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून. पळणाऱ्यांनो, पावलं थोडी छोटी टाका. गुडघा सुजला किंवा अडकला, तर आधी डॉक्टर. बाकी ट्रेक सोडायची घाई नको, बॉस!