वेदीसमोरचे हसू

इ. स. १५१८ मध्ये बाझल शहरात लॅटिन भाषेतले एक पत्र छापून प्रसिद्ध झाले. लिहिणारा योहानेस ओकोलाम्पाडियस हा विद्वान धर्मोपदेशक, आणि ज्याला लिहिले तो वोल्फगांग कापिटो हा त्याचा मित्र. ‘तुमची प्रवचने फार गंभीर असतात, ईस्टरलासुद्धा तुम्ही लोकांना हसवत नाही,’ असा आक्षेप ओकोलाम्पाडियसवर घेतला जात होता. त्याला त्याने दिलेले हे उत्तर. विनोद करतो म्हणून धर्मोपदेशकाला बोल लागल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतील; करत नाही म्हणून लागल्याचे हे उदाहरण विरळाच.

या आक्षेपामागे एक जुनी प्रथा होती. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपवासाचे आणि पश्चात्तापाचे. मग येतो ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा दिवस. त्या दिवशीच्या प्रवचनात धर्मगुरूने एखादी गमतीची गोष्ट सांगावी आणि साऱ्या मंडळीने खळखळून हसावे, असा रिवाज जर्मनभाषक मुलखात, विशेषतः बव्हेरियात होता. लॅटिनमध्ये त्याला ‘रिझुस पाश्कालिस’, म्हणजे ‘ईस्टरचे हसू’, असे नाव पडले.

हसवण्याचे प्रकार कोणते होते, हे ओकोलाम्पाडियसच्याच पत्रातून कळते. एक धर्मगुरू कोकिळेसारखा ‘कुकू’ ओरडत असे. दुसरा शेणाच्या पोवर बसून आपल्याला वासरू होणार असल्याचे सोंग करी आणि कोणी जवळ गेले की हंसासारखा कलकलाट करी. तिसऱ्याने एका साध्या गृहस्थाला संन्याशाची टोपी घातली, ‘तू आता धर्मगुरू झालास’ असे पटवले आणि त्याला थेट वेदीपर्यंत नेले. चौथा सांगे, की संत पीटरने खाणावळवाल्यांचे पैसे कसे बुडवले. काही विनोद तर घरात, बायकामुलांसमोरही बोलू नयेत असे असत. ओकोलाम्पाडियसचे म्हणणे सरळ होते: लोक चाळीस दिवस उपाशी राहून काहीतरी ऐकायला येतात, आणि आपण त्यांना हे ऐकवतो.

त्याच्या बाजूला मोठी परंपरा होती. चौथ्या शतकातला संत योहान क्रिसोस्टम सांगे, की येशू रडल्याचे शुभवर्तमानांत वाचायला मिळते, पण हसल्याचे कुठेच नाही. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठनियमांत हसू आणणाऱ्या बोलण्याला कायमची बंदी आहे. उम्बेर्तो एकोच्या ‘द नेम ऑफ द रोझ’ या कादंबरीतला रहस्यमय संघर्ष याच वादावर उभा आहे.

पण हसणाऱ्यांच्या बाजूलाही आधार होता. बायबलमध्ये वार्धक्यात मूल होणार हे ऐकून अब्राहाम हसतो, साराही हसते, आणि त्या मुलाचे नाव ठेवले जाते इसहाक. म्हणजे ‘तो हसतो’. पुनरुत्थानाकडेही एक मोठी फजिती म्हणून पाहता येते. चौथ्या शतकातल्याच निसाच्या ग्रेगरीने असे रूपक योजले, की सैतानाने ख्रिस्ताचा मानवी देह आमिष म्हणून गिळला आणि आत लपलेल्या दैवी गळाला तो माशासारखा अडकला. मृत्यू फसला असेल, तर त्या सकाळी त्याला हसायचे नाही तर काय करायचे?

आपण पाहतो आहोत तो वाद ‘हसावे की हसू नये’ एवढाच दिसतो. थोडे मागे गेले, की तो वेगळा दिसू लागतो. बाराव्या शतकापासून फ्रान्समधल्या मोठ्या चर्चमध्ये १ जानेवारीला ‘मूर्खांचा सण’ होत असे. तो दिवस धर्मसेवकांतल्या सर्वांत खालच्या थराचा. संध्याकाळच्या प्रार्थनेत मरियेचे स्तोत्र गायले जाई. देव बलवंतांना आसनावरून खाली ओढतो आणि दीनांना वर उचलतो, अशा अर्थाची ओळ आली, की समारंभाचा दंड नव्या, कनिष्ठ सेवकाच्या हाती जाई. ती ओळ पुन्हा पुन्हा गाण्याचा लोकांना इतका हुरूप येई, की ११९८ मध्ये पॅरिसच्या बिशपने नियम घातला: ती फार तर पाच वेळा गावी.

हा नियम सूचक आहे. ओळ धर्मग्रंथातली, उपासना चर्चचीच, गाणारेही चर्चचेच. अडचण होती ती हसणारे ती ओळ मनापासून घेत होते याची.

पुढे विरोध कडक झाला. १४३५ मध्ये बाझलच्याच धर्मपरिषदेने चर्चमधल्या असल्या खेळांवर बंदी घातली. १४४५ मध्ये पॅरिसच्या धर्मशास्त्र विद्याशाखेने पत्रक काढले. उपासनेच्या वेळी धर्मसेवक मुखवटे घालतात, वेदीजवळ रक्ती खातात, फासे खेळतात, जुन्या जोड्यांच्या चामड्याचा धूप करतात, असे आरोप त्यात आहेत. सणाचा बचाव करणाऱ्यांचा युक्तिवादही याच पत्रकाने जपला: पिपाचे बूच मधूनमधून उघडले नाही, तर आतल्या द्राक्षरसाच्या जोराने पीपच फुटेल.

इथे अभ्यासकाला थबकावे लागते. या प्रथांचे रसरशीत वर्णन आपल्याला मिळते ते बहुतेक त्या बंद करू पाहणाऱ्यांकडून. मिखाईल बाख्तिनने राबेलेवरच्या ग्रंथात मध्ययुगीन हास्याला अधिकृत धर्माविरुद्धचा लोकांचा प्रतिस्वर मानले. तो ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅक्स हॅरिस यांनी २०११ मधल्या अभ्यासात वेगळी बाजू मांडली: मूर्खांचा सण मुळात शिस्तीने आखलेली उपासना होती, आणि पुष्कळ वाह्यातपणा टीकाकारांनी तिच्यावर लादला. ओकोलाम्पाडियसचे पत्रही विरोधकाची साक्ष म्हणूनच वाचायला हवे. त्याने यादी केली ती सर्वांत वाईट नमुन्यांची.

मग कसोटी कोणती? हसू कोणत्या दिशेने जाते, ही. मूर्खांच्या सणात हसू वरच्या आसनाकडे जात होते. पीटरच्या गोष्टीत मोठा संत खाणावळीतला लबाड गिऱ्हाईक होतो. तेही वरच्याच दिशेचे. पण टोपी घालून वेदीपर्यंत नेलेल्या त्या गृहस्थाचे काय? तिथे प्रवचनकाराने आपल्या जागेचा वापर समोरच्या भोळ्या माणसावर केला. ओकोलाम्पाडियसने दोन्ही हसू एकाच पंक्तीत बसवले, हे त्याच्या पत्राचे न्यून. पण हसवणे हेच प्रवचनाचे माप झाले, की सांगायची गोष्ट मागे पडते, हा त्याचा मुद्दा मात्र खोडता येत नाही.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो, भुत्या नाचतो, जोशी भविष्य सांगतो. श्रोते हसतात, आणि हसता हसता नांगी आपल्याच अहंकाराला लागल्याचे त्यांना कळते. कीर्तनातला चुटकाही निरूपणाकडे परतला तरच शोभतो. नाहीतर ‘बुवा हसवतात छान, पण सांगितले काय?’ असे जाणते श्रोते बाहेर पडताना म्हणतात. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी कीर्तनाचा आकृतिबंध ख्रिस्ती उपासनेसाठी वापरला, तेव्हा सूर, कथा आणि श्रोत्यांशी सलगी यांची ही जुनी जाणही त्याबरोबर आलीच असणार.

ओकोलाम्पाडियसच्या पुढाकाराने बाझलने १५२९ मध्ये धर्मसुधारणा स्वीकारली. कॅथलिक मुलखात मात्र ईस्टरचे हसू टिकून राहिले. आंद्रेआस श्ट्रोब्ल या धर्मगुरूने १६९४ मध्ये ईस्टरच्या गोष्टींचा संग्रह छापला. नाव दिले ‘नव्याने रंगवलेली ईस्टरची अंडी’. बंदी एकीकडे आणि तयार गोष्टींची पुस्तके दुसरीकडे, असे बराच काळ चालले.

आज लंडनमध्ये दर फेब्रुवारीत जोसेफ ग्रिमाल्डी या विदूषकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या प्रार्थनेला विदूषक रंगवलेल्या चेहऱ्यांनिशी चर्चमध्ये येतात. १४ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये शंभराहून अधिक विनोदी कलावंतांना बोलावले आणि सांगितले, की देवावरही हसता येते. जिवलगांची थट्टा करतो तशी.

आणि इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये, आठव्या हेन्रीने १५४१ मध्ये बंद केलेली एक प्रथा विसाव्या शतकात परत आली. डिसेंबरातल्या प्रार्थनेत मरियेच्या स्तोत्रातली तीच ओळ येते. बिशप आपल्या आसनावरून उठतो, आणि गायकवृंदातला एक मुलगा बिशपचा पोशाख घालून तिथे जाऊन बसतो. त्या दिवशी प्रवचनही तोच करतो आणि मोठी माणसे ते ऐकतात.